साहेबांच्या हाती टॅब

लोक तंबाखू सोडतात, भात सोडतात, संकष्टीच्या मुहूर्तावर चहासुद्धा सोडतात. आमच्या साडूंनी लॅपटॉप सोडला. तशी घोषणा त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केली आणि सोबत टेबलाचा फोटो टाकला. टेबलावर एक टॅब, एक पांढरी पेन्सिल, कॉफीचा मग आणि कुंडीतलं एक हिरवं पातं. एरवी त्या टेबलावर विजेची बिलं, बीपीच्या गोळ्या आणि चार्जरांचा गुंता असतो. तो फोटोपुरता पलंगावर हलवला असणार. खाली ओळ होती, ‘यापुढे सगळं काम यावरच. लॅपटॉपला कायमचा निरोप.’ दोन आत्यांनी हात जोडले. एका काकांनी घाईघाईत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं आणि मग पुसलं.

साडू एका खासगी कंपनीत विभागप्रमुख आहेत. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच देऊन ठेवतो.

आधी हिशेब करू, कारण साडूंनी तो केलेला नाही. त्यांचा टॅब कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. नातं टिकवायचं आहे. पण बाजारातलं उघड उदाहरण घ्यायला हरकत नाही. ॲपलने मे २०२४ मध्ये १३ इंची आयपॅड प्रो भारतात जाहीर केला तो १,२९,९०० रुपयांपासून पुढे. त्यावर टाइप करायचं तर कंपनीचा कीबोर्ड ३३,९०० रुपये. काही लिहायचं-गिरवायचं तर पेन्सिल ११,९०० रुपये. बेरीज १,७५,७०० रुपये. त्याच कंपनीचा नवा १३ इंची मॅकबुक एअर त्याच वर्षी मार्चमध्ये १,१४,९०० रुपयांपासून मिळत होता आणि कीबोर्ड त्याला जन्मतःच चिकटलेला होता. म्हणजे ६०,८०० रुपये जास्त मोजले की माणूस लॅपटॉपपासून मुक्त होतो. वजनाचं म्हणाल, तर २०२० सालच्या १२.९ इंची आयपॅडला कीबोर्डाचं कव्हर जोडलं की ते बिऱ्हाड मॅकबुक एअरपेक्षा जड भरायचं. स्कूटर घ्यायची, तिला साइडकार जोडायची, वर टप बसवायचा, मीटर लावायचा आणि शेजाऱ्याला सांगायचं, बघा, रिक्षा घ्यावी लागली नाही.

या वस्तूची कुंडली मात्र पहिल्या दिवशीच मांडली गेली होती. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा मंचावर मुद्दाम एक ऐसपैस खुर्ची ठेवली होती. जॉब्स तिच्यात रेलून बसले, पायावर पाय टाकला आणि बोटाने पानं सरकवू लागले. ती बैठक मालकाची होती, कारकुनाची नव्हे. रेललेला माणूस वाचतो, बघतो, ‘बरं’ म्हणतो. लिहिणारा वाकून बसतो. हजार वर्षं तो तसाच बसत आला आहे. ही साधी गोष्ट कंपन्यांनीही ओळखली असती, तर पुढची पंधरा वर्षं सगळ्यांचा वेळ वाचला असता.

पण रेललेल्या माणसाला वाकवायचा उद्योग सुरू झाला. २००७ साली आयफोन दाखवताना जॉब्स यांनी स्टायलसची यथेच्छ टर उडवली होती. ते गेल्यानंतर चार वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांच्याच कंपनीने पेन्सिल विकायला काढली. त्याच वर्षी कव्हरात बसवलेला कीबोर्ड आला. मार्च २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडला रीतसर प्रवेश मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये हव्या तशा ओढता येणाऱ्या खिडक्या आल्या आणि वर मेनूची पट्टी आली. मधे, २०१७ साली, एक जाहिरात गाजली. एक मुलगी दिवसभर आयपॅड घेऊन गावभर हिंडते, शेजारीण विचारते, कॉम्प्युटरवर काय करतेस, तर ती उलट विचारते, कॉम्प्युटर म्हणजे काय? प्रश्न बाणेदार आहे. पण तो विचारला गेला तेव्हा त्या आयपॅडमध्ये कंपनीचा साधा कॅल्क्युलेटर नव्हता. तो आला सप्टेंबर २०२४ मध्ये. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तो कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याने त्यासाठी सोहळा केल्याचं आठवत नाही.

मायक्रोसॉफ्टने उलट्या बाजूने बोगदा खणला. २०१२ साली सरफेस आणला. त्यातल्या स्वस्त मॉडेलवर विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅमच चालत नव्हते. वर्षभरात कंपनीला ९० कोटी डॉलरचा माल खात्यावर बुडीत दाखवावा लागला. पुढे २०१४ मध्ये तिसरा सरफेस प्रो ‘लॅपटॉपची जागा घेणारा टॅब’ म्हणूनच विकला गेला. त्याच्या पाठीला टेकू होता. हा टेकू टेबलावर छान उभा राहतो. टेबल असलं की.

टेकूचं खरं रूप पाहायचं तर लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसावं. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने जेमतेम अर्ध्या बुडाने टेकायचं, तिला चौथी सीट म्हणतात. साडूंनी तिथे टॅब उघडला. टेकू मागे पसरला तो गुडघ्यापाशी संपला. कीबोर्ड पुढे आला तो पोटाशी. मधे टॅब. टेकूची धार मांडीत रुतत होती, म्हणून त्यांनी खाली रुमालाची घडी ठेवली. विक्रोळीला गाडीने हिसका दिला, टेकू घसरला, टॅब पालथा पडला आणि कीबोर्डाचं चुंबक सुटून तो समोरच्या गृहस्थांच्या डब्याच्या पिशवीवर गेला. गृहस्थांनी तो उचलून दिला आणि आपुलकीने विचारलं, “तुमचं काही तुटलं का हो?”

आता कामाचं बोलू. रोजचं काम म्हणजे काय, हे जाहिरातीत डोंगरावर बसून व्हिडिओ जोडणारी पोरं ठरवतात. आपल्याकडचं रोजचं काम वेगळं असतं. एखाद्या जुन्या कचेरीतून फाइल येते. ती कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेली असते. टॅबवर ती उघडते, नाही असं नाही, पण ‘महोदय’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसते. तो फॉन्ट टॅबवर बसवता बसवता महोदय निवृत्त होतील. टेंडर भरायचं तर डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत खुपसावं लागतं. त्याचा ड्रायव्हर विंडोजसाठी लिहिलेला आणि टॅबला भोक एकच, त्यात चार्जर. दुकानाचा हिशेब टॅलीत आणि टॅली विंडोजवर. कंपनीची एक्सेल शीट उघडते, पण तिच्यातले मॅक्रो टॅबवरच्या एक्सेलात चालत नाहीत. बटण दिसतं, दाबलं की गप्प. शिवाय मायक्रोसॉफ्टचा नियम असा की १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर वर्ड-एक्सेलमधली किरकोळ दुरुस्ती फुकट, त्याहून मोठा पडदा असला की वर्गणी भरा. काम नीट दिसावं म्हणून मोठा टॅब घेणाऱ्याला हा दंड आहे.

आणि टायपिंग. सरकारी लिपिक व्हायचं तर मराठी मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. ते काचेवर बोटं आपटून मिळवलेला एकही जीव मला भेटलेला नाही. काचेवर ‘कार्यालयीन’ लिहायला घेतलं की रफार चढेपर्यंत यंत्र तीन पर्याय सुचवतं: कार्य, कार, कारलं.

एवढं सगळं असून साडूंचं काम टॅबवर उत्तम चालतं. हे खोटं नाही. मी शेजारी बसून पाहिलं आहे. सकाळी ते मेल उघडतात. सत्तर पानी अहवाल आलेला असतो. तो बोटाने सरकवत ते चौथ्या पानापर्यंत जातात, पेन्सिलीने एका आकड्याभोवती लाल गोल काढतात, शेजारी प्रश्नचिन्ह करतात आणि पाठवून देतात. दुसऱ्या मेलला ‘प्लीज चेक’. तिसऱ्याला नुसता अंगठा. मीटिंगमध्ये टॅब टेबलावर पालथा ठेवतात, म्हणजे मागचं चिन्ह दिसतं. अकरा वाजेपर्यंत पहिल्या पाळीचं काम आटोपतं, बॅटरी ९१ टक्के शिल्लक.

त्या लाल गोलाचं पुढे काय होतं? तो विभागातल्या एका पोराच्या टेबलावर जाऊन पडतो. पोराकडे कंपनीचा जुना लॅपटॉप आहे, त्याचं ‘ए’ बटण पुसलं गेलंय, पंखा प्रेशर कुकरच्या जोरात वाजतो आणि प्लग काढला की तो मान टाकतो. एका गोलासाठी पोरगा सहा शीट उघडतो, मॅक्रो चालवतो, आलेख पुन्हा काढतो आणि रात्री साडेनऊला अहवाल परत पाठवतो. साडू जेवण झाल्यावर सोफ्यावर तो बघतात आणि म्हणतात, “बघा, लॅपटॉपवाचून काही अडतं का?”

त्यांच्या मेलच्या तळाशी आपोआप एक ओळ उमटते, ‘माझ्या टॅबलेटवरून पाठवले’. लोकांना ती जाहिरात वाटते. ती पायरी सांगणारी ओळ आहे. हा माणूस आता टाइप करत नाही, एवढंच तिला कळवायचं असतं.

घरी तर गंमत आणखी पुढची. मेहुणी फराळाचा व्यवसाय करते. अनारसे, चकल्या, मोठ्या ऑर्डरी, जीएसटी, सगळं रीतसर. निरोप दिलेला लॅपटॉप तिच्याकडे गेला. चकलीचं तेल तापेपर्यंत ती त्यावर बिलं काढते. कीबोर्डावर थोडं बेसन आहे, पण चालतो. गेल्या जुलैत साडूंचं आयकर रिटर्नही तिनेच त्यावर भरलं. ते मागे टॅब धरून उभे राहून तिला फॉर्म सोळातले आकडे वाचून दाखवत होते. मेहुणी मला म्हणाली, “भाऊजी, ह्यांनी लॅपटॉप सोडला नाही, फक्त चालवायला माणूस ठेवलाय.”

हे साडूंपुरतं नाही. देशाचंच घ्या. २०१९ साली अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इंग्रजी वळणाची ब्रीफकेस टाकून लाल कापडातलं बहीखातं आणलं आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या लाल वेष्टनात टॅब आला. फोटो सर्वत्र झळकला. अर्थसंकल्प टॅबवर वाचला जातो, यात शंकाच नाही. तो जाहीर होण्याआधी हलवा खाऊन नॉर्थ ब्लॉकमध्ये स्वतःला कोंडून घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवर काय होतं, ते मात्र कुणी लाल कापडात गुंडाळून दाखवलं नाही.

खालच्या टोकालाही टॅबच पोचतो, तो दान म्हणून. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ आणला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाऐवजी नख दाबल्यावर जागा होणारा पडदा. विद्यार्थ्यांच्या नशिबी आकाश आलं आणि लवकरच विरलं. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. राज्य सरकारची महाज्योती ही संस्था जेईई आणि सीईटीची तयारी करणाऱ्यांना टॅब देते, वर इंटरनेटही. चांगलंच आहे, मुलं व्हिडिओ बघतात. पण ती सीईटी आणि ती जेईई मेन प्रत्यक्षात होतात केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर, हातात माउस धरून. दोन वर्षं काच पुसलेलं पोर परीक्षेच्या दिवशी बाणाच्या मागे धावतं. आणि प्रवेशाचा अर्ज? तो चौकातल्या ई-सेवा केंद्रात, त्या दादांच्या डेस्कटॉपवर.

न्यायाने बोलायचं, तर काही माणसांना टॅब खरोखर लाभला. सुगम संगीताच्या गायकांना विचारा. वहीची पानं पंख्याने उडायची, मधला अंतरा नेमका मागच्या पानावर असायचा. आता स्टँडवर टॅब, अक्षरं हवी तेवढी मोठी, दुसऱ्या टॅबवर तानपुरा. चित्रं काढणाऱ्यांना लाभला. प्रुफं तपासणाऱ्यांना लाभला, पेन्सिलीने समासात खुणा करता येतात. परवाच्या सत्यनारायणाला गुरुजींनीही पोथीऐवजी टॅब लावला होता. साधुवाण्याची नाव बुडायच्या बेताला असताना पडद्यावर बॅटरीची सूचना आली, पण एकंदरीत पूजा निर्विघ्न झाली. यातल्या कुणीही मात्र लॅपटॉप सोडल्याचा फोटो टाकला नाही.

साडूंच्या विभागातल्या त्या पोराला गेल्या महिन्यात बढती मिळाली. आयटी विभागाने विचारलं, नवा लॅपटॉप कोणता देऊ? तो म्हणाला, टॅब चालेल. साडूंची त्यामुळे पंचाईत झाली आहे. लाल गोल काढून पाठवायचा कुणाला? त्यांनी जागा भरायची जाहिरात दिली आहे. मजकूर अर्थातच मेहुणीने टाइप केला. शिक्षण, अनुभव वगैरे नेहमीचं झाल्यावर शेवटची अट ठळक अक्षरांत आहे: उमेदवाराकडे स्वतःचा लॅपटॉप असावा.