मुळात हा रोल त्याचा नव्हताच

मामांबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे पडद्यावर नसलेल्या माणसांचा सिनेमा बघायचा. 'शोले'तला गब्बर हातात पट्टा घेऊन खडकांवर येरझाऱ्या घालत असतो, आपण श्वास रोखून बसलेलो असतो, आणि नेमकं तेव्हाच मामा रिमोट दाबतात. चित्र थांबतं. मामा चहा बशीत ओततात, फुंकर मारतात आणि म्हणतात, "मुळात हा रोल त्याचा नव्हताच."

मग डॅनी येतो. डॅनी फिरोज खानच्या 'धर्मात्मा'साठी अफगाणिस्तानात, इकडे तारखा जुळेनात, आणि अमजद खानचं नशीब उघडलं. भाच्यांपैकी कोणी "माहितीये हो मामा" म्हटलंच, तर "अर्धवट माहितीये तुला" असं म्हणून गाडी पुन्हा अफगाणिस्तानातून सुटते. गब्बर तोवर तसाच, एक पाय उचललेला.

मामांकडे माहितीचे दोन प्रकार आहेत: पक्की आणि ऐकीव. 'जंजीर' आधी धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार असा फिरून अमिताभकडे आला, ही पक्की. राजकुमारला प्रकाश मेहरांच्या डोक्याच्या तेलाचा वास सोसवला नाही, ही ऐकीव. पण तेल सांगताना मामा नाक असं काही आक्रसतात, की पक्कीची काय बिशाद! 'प्यासा'पाशी मात्र आवाज खाली येतो. दिलीपकुमार शूटिंगला आलाच नाही, म्हणून गुरुदत्त स्वतः उभा राहिला. मामा दिलीपकुमारचे निस्सीम भक्त, तरी हळूच म्हणतात, "बरं झालं, नाही आला ते."

मामा राहतात मालाडला. त्यामुळे पाहुण्याची जेवणानंतर सुटका नसते. बॉम्बे टॉकीज स्टुडिओच्या जुन्या आवारापर्यंत त्याला चालवत नेतात. तिथे आता गाळे आणि वर्कशॉपं. उभ्या टेम्पोच्या आडोशाला थांबून मामा इकडेतिकडे बघतात आणि जणू कालच घडल्यासारखं कुजबुजतात, "देविकाराणी इथूनच पळाली."

'जीवन नैया' चालू होता. मालकीणबाई हीरो नजमुल हसनबरोबर कलकत्त्याला निघून गेल्या. समजूत घालून त्यांना परत आणलं, हीरोची मात्र गच्छंती झाली. मग मालक हिमांशु रॉयनी लॅबमधल्या एका लाजाळू पोराला, ऐनवेळी बोहल्यावर चढवावं तसं, कॅमेऱ्यापुढे उभं केलं. तो अशोककुमार. साल १९३६. पुढे अशोककुमारनं 'जिद्दी'त देव आनंदला आणलं, धाकटा भाऊ किशोर त्याच्यामागोमाग मुंबईला आला, आणि परत आलेल्या बाईंनी 'ज्वार भाटा'साठी दिलीपकुमारला हेरलं. "पळाली म्हणून अशोक, परतली म्हणून दिलीप!" मामा टेम्पोवर थाप मारतात. आतून ड्रायव्हर डोकं बाहेर काढतो.

मामीनं हे एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी कुठे पळाले नाही, त्याचं काय?"

सिनेमापुरतं हे चाललं असतं. पण लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना मामा शेजाऱ्याच्या कानाला लागतात, "मुलगा मुळात धाकटीला बघायला आला होता." सोसायटीचा सेक्रेटरी, समोरचा दंतवैद्य, गणपतीतला हार्मोनियमवाला, कोणीच त्यांच्या मते पहिल्या पसंतीचा नाही.

एक किस्सा मात्र ते कधी सांगत नाहीत. तो मामीच सांगते, तोही भर बैठकीत. मामीला बघायला मुळात मामांचे चुलतभाऊ यायचे होते. त्यांना ताप भरला. मामांना निरोप द्यायला धाडलं. मामीच्या आईनं निरोप्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, आणि निरोप्यानं पोहे दुसऱ्यांदा मागितले. "ही पक्की माहिती," असं मामी मुद्दाम वर ठासून सांगते.

ते चुलतभाऊ दर दिवाळीला फराळाला येतात. मामा त्यांना पाट देतात, चकल्या स्वतःच्या हातानं वाढतात, आणि बसल्याबसल्या पहिलं विचारतात, "काय दादा, ताप-बीप नाही ना?"