लेखक : मुंबई (इलाखा)

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुना सरकारी अहवाल शोधणाऱ्याला आधी लेखकाचे नाव सांगावे लागते, आणि बहुतेकांचा शोध तिथेच आटोपतो. सूचिपत्राच्या नियमांप्रमाणे सरकारी प्रकाशनाचा लेखक सरकारच असते. अहवाल एखाद्या साहेबाने लिहिलेला असो, आकडे जमवताना इलाख्यातल्या यच्चयावत मामलेदारांच्या कारकुनांचे डोळे गेलेले असोत, कार्डाच्या पहिल्या ओळीत नाव येते ते ‘मुंबई (इलाखा)’ असे. त्यापुढे खाते, खात्यापुढे समिती, आणि एवढ्या सगळ्यांचा मान राखून जागा उरलीच तर विषय.

हा लेखक कमालीचा लिहिता होता. तालुक्यांची जमाबंदी, कापसाची प्रत, देवीची लस, तुरुंगातला शिधा, कालवे, दवाखाने, कशाचेही त्याला वावडे नव्हते. खोड एकच, नाव बदलण्याची. १९३७ साली तो ‘मुंबई (प्रांत)’ झाला, १९५० साली ‘मुंबई (राज्य)’. १९५६ साली विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांना पंगतीला घेऊनही नाव तेच राहिले, आणि १ मे १९६० रोजी एका लेखकाचे दोन लेखक झाले. त्यामुळे एकाच खात्याचा वार्षिक अहवाल, ज्यात मजकूर बहुधा तोच आणि चुकाही बहुधा त्याच, सूचिपत्राच्या वेगवेगळ्या खणांत विखुरलेला असतो. १८९० पासून १९६५ पर्यंतची ओळ सलग लावू पाहणारा संशोधक ‘मधली वर्षे गहाळ’ अशी टीप लिहून मोकळा होतो. मधली वर्षे शेजारच्या कपाटात असतात.

या लेखकाच्या कुतूहलाला इलाख्याची हद्दही पुरत नसे. ‘मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागद’ या मालिकेतले बरेचसे अंक जमीनमोजणी आणि सारा यांविषयी आहेत. ते ओळीने चाळणारा झोपेच्या बेतात असतानाच नव्या मालिकेचा २४ वा अंक हातात येतो. १८५६ साली छापलेल्या या अंकात एकदम ओमान, मस्कत, बहारीन आणि इराणच्या आखातातले चाचे हजर होतात. आखाताचा कारभार त्या काळी मुंबईहून चाले, एवढेच त्याचे कारण. आजही आखाती देशांच्या इतिहासकाराला आजोबांचा ठावठिकाणा इंदापूर तालुक्याच्या फेरजमाबंदीच्या आसपास शोधावा लागतो.

ग्रंथालये आणि सरकारी चौकश्या यांचे नाते किती जवळचे असते, याला मुंबई विद्यापीठाचे उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला आणि मुंबईत शेअरांचे वेड लागले, त्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि पुढे मुंबई बँकही बुडाली. ती कशी बुडाली याची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६९ साली आला, आणि त्यात प्रेमचंद रायचंद या नावाला चुकवून पुढे जाणे कठीण आहे. ग्रंथालयाच्या इमारतीची कोनशिलाही १८६९ सालीच बसली. देणगीदाराच्या पैशांनी बांधलेल्या वाचनकक्षात बसून त्याच देणगीदाराविषयीचा चौकशी अहवाल मागवण्याची सोय फार थोड्या विद्यापीठांनी करून ठेवली आहे.

सरकारी अहवाल वाचण्याची पद्धत नेहमीच्या पुस्तकाच्या उलट आहे. तो मागून वाचावा. पुढच्या भागात आयोगाचे मत असते, आणि ते सरकारला आधीच ठाऊक असते. मधे कोष्टके असतात. खरा माल परिशिष्टांत, साक्षीपुराव्याच्या खंडांत आणि ‘शेरा’ नावाच्या रकान्यात दडलेला असतो, कारण तिथवर वरिष्ठ पोचणार नाहीत याची लिहिणाऱ्याला खात्री असे.

१९११ च्या जनगणनेचे व्यवसायांचे कोष्टक घ्यावे. वर्गीकरणाचा आराखडा बर्तियाँ नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाचा. तो सिंधपासून कारवारपर्यंत सगळ्यांना चढवला गेला. त्यात शेवटी ‘अनुत्पादक’ असा वर्ग आहे. तुरुंगांतले, वेड्यांच्या इस्पितळांतले आणि दवाखान्यांतले लोक हा त्यातला एक गट. भिकारी, भटके, वेश्या, चोरीचा माल घेणारे आणि गुरांना विष घालणारे हा दुसरा. प्रगणक दारात उभा राहून व्यवसाय विचारतो आणि घरधनी ‘गुरांना विष घालतो’ असे सांगून आत पाणी आणायला जातो, हे दृश्य कोष्टकाने गृहीत धरले आहे. त्याच आराखड्यात ‘अपुरे वर्णन केलेले व्यवसाय’ असाही एक वर्ग असून कोणाच्या पेढीवर ते न सांगणारे कारकून आणि हिशेबनीस त्यात पडले आहेत. म्हणजे सरकारदरबारी विष घालणारा नेमके बोलला आणि कारकून मोघम.

रकान्यांच्या या सत्तेची सर्वांत सुरेख चौकशी सरकारनेच एकदा केली आहे. भांग आणि गांजा यांनी हिंदुस्थानी माणूस वेडा होतो काय, असा प्रश्न १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात निघाला आणि त्यासाठी आयोग बसला. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि सात खंड काढले, पाने तीन हजारांच्या वर. गांजाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा होता वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी. आयोगाने १८९२ सालातली अशी २२२ प्रकरणे एकेक करून उलगडली. रोगी आणून सोडताना भरायच्या फॉर्मात ‘वेडाचे कारण’ असा रकाना होता. तो कोरा ठेवण्याची सोय नव्हती, आणि भरणारा बहुधा पोलीस. नातेवाईक म्हणाले की हा कधीमधी चिलीम ओढतो, की कारण सापडले. छाननीनंतर त्यातली निम्मीही प्रकरणे टिकली नाहीत. बेताने घेतलेल्या भांगेने विशेष अपाय होत नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. सरकारी यंत्रणेने आपल्याच रकान्यावर अविश्वास दाखवल्याचा हा प्रसंग इतका दुर्मीळ आहे की सातही खंड जपून ठेवायला तेवढे कारण पुरे.

साक्षीपुराव्याच्या खंडांत याहून मोठी माणसेही भेटतात. हंटर यांच्या शिक्षण आयोगाचा मुंबई इलाख्यातल्या साक्षींचा खंड हे वरकरणी शाळा, फी आणि इन्स्पेक्टर यांचे अरण्य आहे. त्यात १८८२ च्या ऑक्टोबरातले जोतीराव फुले यांचे निवेदन आहे. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशांवर शिकतात वरचे वर्ग, हे त्यांनी आयोगाच्या तोंडावर सांगितले. आयोगाने ते ऐकून घेतले, छापले आणि खंडात ठेवून दिले. एखादी गोष्ट कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटत असेल तर ती छापून काढण्यासारखा उपाय नाही, हे सरकारला लवकर कळले होते. पण निवेदनाने खंडाला हरवले. आज तो खंड शोधला जातो तो त्या थोड्या पानांसाठी.

सरकार नुसते लिहीत नसे, वाचतही असे. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांवर पुस्तकांच्या प्रती सरकारात भरण्याची सक्ती आली आणि दर तिमाहीला पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या. पुस्तक शिळाछाप की खिळाछाप, पाने किती, प्रती किती, किंमत काय, हक्क कोणाकडे. लेखकाने बायकोपासून लपवलेली प्रतींची संख्यासुद्धा तिथे उघड पडलेली असते. वर्तमानपत्रांसाठी वेगळी व्यवस्था होती. सरकारचे भाषांतरकार देशी पत्रांतला निवडक मजकूर दर आठवड्याला इंग्रजीत उतरवून वर पाठवत. एखाद्या लहान गावच्या संपादकाला आपले पत्र कोणी वाचत नाही असे वाटून खिन्नता येई. त्याला कल्पना नव्हती की एक वाचक प्रत्येक ओळ वाचतो, तिचे भाषांतर करतो आणि गोपनीय असा शिक्का मारतो. अशा कित्येक पत्रांचे अंक आज कुठेच मिळत नाहीत. त्यांनी सरकारला दिलेल्या शिव्या मात्र सरकारने नीट बांधून ठेवल्या आहेत.

सामान्य वाचक स्वखुशीने ज्याला हात लावतो असा सरकारी ग्रंथ बहुधा एकच, जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तो याच्यासाठी. पुणे जिल्ह्याचा १८८५ चा खंडच तीन भागांत आहे. त्यात किल्ले, बाजारभाव, देवळे, पीकपाणी सगळे आहे, पण वाचक आधी आपली जात उघडतो, साहेबाने केलेले वर्णन वाचतो, आणि खंड रागाने मिटून शेजाऱ्याच्या जातीचे वर्णन वाचण्यासाठी पुन्हा उघडतो. देवस्थानांच्या स्मरणिकांत ‘प्राचीन इतिहास’ या मथळ्याखाली जे येते, त्याचे कूळ शोधत गेले तर बऱ्याचदा याच खंडांपाशी पोचते.

अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी माणसेही होऊन गेली, आणि ती सरकारला महागात पडली. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत मुख्याध्यापक. (सार्वजनिक काका ते वेगळे, गणेश वासुदेव, दोघांना एक करण्याची चूक छापील पुस्तकांतही आढळते.) सरकारी पगारावर राहून सरकारी आकडे वाचायचे आणि दोन रकान्यांची बेरीज जुळत नाही हे शांतपणे दाखवायचे, असा त्यांचा छंद. गोपाळ कृष्ण गोखले अंकगणिताचे हे अस्त्र त्यांच्याकडून शिकले. १८९७ साली लंडनला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे, गोखल्यांनी साक्ष दिली ती याच शिदोरीवर, आणि १९०२ साली कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले तेही. शिल्लक दिसते ती सुबत्तेमुळे नव्हे, लोक दुष्काळात होरपळत असताना कर जास्त घेतल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच कोष्टकांतून काढून दाखवले. दादाभाई नौरोजींनी दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले तेही सरकारी अहवालांतूनच. विरोधकाला दारूगोळा छापून देणारे आणि वर त्याची किंमत रुपये-आण्यांत मुखपृष्ठावर टाकणारे दुसरे साम्राज्य सापडणे अवघड. १९०५ साली भारत सेवक समाज निघाला तेव्हा त्याच्याबरोबर ग्रंथालयही निघाले, ते ओघानेच आले. पुढे ते पुण्याच्या गोखले संस्थेचे झाले. ही संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे, आणि जुन्या अहवालांसाठी पश्चिम भारतातल्या अभ्यासकाची पायपीट अजून तिथेच जाते.

या कागदांचे शत्रू वाळवी, ओल आणि रसायनशास्त्र. पेशवाईतला जुन्नरी कागद अजून घडी सोसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्याला तुरटी-राळेची कांजी दिली जाई, आणि त्यातून आम्ल तयार होऊन कागद आपणच आपल्याला खातो. म्हणून १७८० सालचे पत्र हातात वाकते आणि १९३० सालचा अहवाल मोडतो. चौथा शत्रू निर्लेखन. जागा अपुरी पडली की वर्षानुवर्षे देवघेव न झालेली पुस्तके काढून टाकावीत असा प्रघात आहे. अहवालांवर ‘घरी नेण्यास मनाई’ असा शिक्का असतो. अर्थात देवघेवीच्या नोंदीत त्यांच्यापुढे शून्य असते. आणि शून्य असलेली पुस्तके रद्दीला पात्र ठरतात. या तर्काला उत्तर नाही.

जे इथे टिकले नाही ते पुष्कळदा अमेरिकेत टिकले. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत चुकवले. त्या रुपयांचे करायचे काय, यावरचा एक तोडगा म्हणून १९६२ पासून भारतातली पुस्तके आणि सरकारी प्रकाशने खरेदी करून अमेरिकी विद्यापीठांना धाडली जाऊ लागली. इकडे रेशनवर लाल मिलो आला आणि तिकडे शिकागोला जिल्हा जनगणना पुस्तिका गेल्या. मिलोविषयी महाराष्ट्राचे मत सर्वश्रुत आहे. पुस्तिकांविषयी शिकागोचे मत काय झाले याची नोंद नाही, पण त्यांनी त्या नीट लावून ठेवल्या. आपल्या जिल्ह्याविषयीचा ग्रंथ बर्फात उभ्या असलेल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर सुखरूप आहे हे कळल्यावर संशोधकाला आनंद आणि अपमान एकाच वेळी होतो.

आता बरेच अहवाल संगणकावर आले आहेत. शब्द टाकून शोध घेता येतो, मात्र यंत्राने मजकूर ओळखताना गावांची नावे इंग्रज कारकुनापेक्षाही स्वैरपणे लिहिली आहेत. मोठी अडचण नकाशांची. सरकारी अहवालातला नकाशा घडी घालून शेवटी चिकटवलेला असतो. पाने भराभर उलटत छायाचित्रे घेणारा कामगार ती घडी उलगडायला थांबत नाही. पडद्यावर दिसतो तो नकाशाचा बाहेर राहिलेला चतकोर : उत्तरेचा बाण, मैलांची पट्टी आणि छापखान्याचे नाव. गाव कुठे होते हे ज्याला पाहायचे असेल त्याने मूळ प्रत असलेल्या शहराचे तिकीट काढावे, ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचे पत्र बरोबर ठेवावे, आणि दुसरा किंवा चौथा शनिवार टाळावा.