कलम कुठलं ते सांगा!

पुण्यात कायद्याचं ज्ञान नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. कायदा वाचलेला माणूसही अजून भेटायचाय, पण तो विषय वेगळा.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन पक्ष असतात. एक, तळमजल्यावरचे काका. दुसरा, बाकी सगळे. नोटिशीत नेहमीप्रमाणे छापलेलं असतं की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची गरज राहणार नाही. अख्ख्या उपविधींतली एवढी एकच तरतूद आमच्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे. त्यामुळे सगळे अर्धा तास उशिराच खाली उतरतात. काका मात्र वेळेवर येऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर हरकत नोंदवतात.

यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंवरून पेटलं. मालक म्हणाले, "करार अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही."

"कलम कुठलं?"

"सगळेच तसं करतात हो."

काकांनी पिशवीतून कागद काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55. करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. मुदत अकरा महिने आहे म्हणून सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'किंवा दोन्ही' काकांनी दोनदा वाचलं. मालक चहाचं काय झालं ते बघायला गेले.

हेच काका हेल्मेटच्या विरोधात आहेत. 2019 च्या जानेवारीत शहरात सक्ती सुरू झाली, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम 129 त्यांनी उभं-आडवं वाचून काढलं. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यात सूट आहे. "मग पुणेरी पगडीचं काय?" हा त्यांचा सवाल अनुत्तरित आहे. पगडी त्यांच्याकडे नाही, पण तत्त्व म्हणून.

एवढा व्यासंग पाहून मलाही मूळ कायदा वाचायची खुमखुमी आली. जीपीओजवळच्या फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात सरकारी ग्रंथागार आहे, पण खरा पुणेकर पुस्तकासाठी आधी अप्पा बळवंत चौकातच जातो. तिथे महापालिकेचा कायदा मागितला, तर "जुन्या नावाने की नव्या?" अशी विचारणा झाली. कायदा एकच, 1949 चा. जन्माने तो 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम'. गंमत म्हणजे खुद्द मुंबई शहराला तो लागूच नव्हता, त्यांचा स्वतःचा 1888 चा वेगळा आहे. म्हणजे साठ वर्षं पुण्याचा कारभार मुंबईच्या नावाच्या कायद्याने चालला आणि त्यावर एक मोर्चा निघाला नाही! बहुधा नाव कुणी वाचलंच नसावं.

पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य बरं चाललं होतं. मग 'परंतु' आलं, पुढे 'परंतु आणखी असे की' आलं, आणि आधी मिळालेलं सगळं काढून घेऊन वाक्य संपलं. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे असेच बोलतात.

खरी परीक्षा मात्र मिळकतकराची. बिल एकदा भिंगाखाली धरून बघाच. सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ कर, मलप्रवाह सुविधा लाभकर, वृक्षसंवर्धन कर, शिवाय शिक्षण उपकर. या जंगलात पुणेकराचा जीव की प्राण म्हणजे 40 टक्के सवलत. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यांना महापालिकेने ती 1970 मध्ये ठराव करून दिली. दोन पिढ्या सुखाने जगल्या. पुढे लेखापरीक्षकांनी विचारलं, हिला कायद्यात आधार कुठे आहे? (थोडक्यात, कलम कुठलं?) 2019 मध्ये सरकारने सवलत काढली, गदारोळ झाला, 2023 मध्ये परत दिली. पण ज्यांची गेली होती त्यांना आता पीटी-3 नावाचा अर्ज भरून सिद्ध करायचं होतं की आम्ही आमच्याच घरात राहतो.

राहणं सोपं आहे, सिद्ध करणं अवघड. पुराव्यांच्या यादीत मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड आणि सोसायटीचं पत्र होतं. काकांच्या मतदार ओळखपत्रावर अजून सदाशिव पेठेतला वाडा आहे आणि तो सोडल्याचं त्यांना मान्य नसल्यामुळे पत्ता बदललेला नाही. गॅस काकूंच्या नावावर. राहता राहिलं सोसायटीचं पत्र.

काका सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे तेच तिसऱ्या मजल्याचे मालक. त्यांनी चष्मा पुसला, उपविधींचं पुस्तक काढलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "देतो की काका. फक्त असं पत्र सेक्रेटरीने कुठल्या उपविधीखाली द्यायचं, तेवढं सांगा."

काकांनी मग विशेष सर्वसाधारण सभेची मागणी केली. सभेच्या दिवशी ते वेळेवर हजर होते.