वाटीची तरतूद

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हल्ली शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला समिती नेमतात. वर्गणी निघते, छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लागतात आणि पावभाजी होते. अशा समितीनं एकदा किल्लारीला सहल काढावी.

30 सप्टेंबर 1993. विसर्जन उरकून गाव झोपलं आणि पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती, माळवदं अंगावर आली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली. घरं भक्कम, रस्ते रुंद, ओळी सरळ. त्याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. घराचं मापही शिस्तीत: भूमिहीन नि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्या जमीनदाराला 750. (सातबारा बघून उंबरठा!)

जुन्या बोळात माळवदावरच्या मिरच्यांवरून सकाळी भांडण व्हायचं आणि संध्याकाळी त्याच माळवदावरून कालवणाची वाटी पलीकडे जायची. आराखड्यात शाळा आली, समाजमंदिर आलं. वाटीची तरतूद राहिली. "माय, जरा विरजण दे की" म्हणायला आता अख्खा रस्ता ओलांडायचा, तोही पदर सावरून.

मग लोकांनीच आराखडा बिघडवला. अंगणात पत्रे ठोकले, चूल बाहेर मांडली, मधली मोकळी जागा भरून काढली. सरकारी कागदात याला अतिक्रमण म्हणतात. पुण्यातली समिती हेच बिल्डरकडून ‘कम्युनिटी स्पेस’ म्हणून चौरस फुटाच्या भावानं विकत घेते, वर देखभाल खर्च वेगळा.