ओठ मिटतील तर शपथ!

काय चाललंय काय बारामती-इंदापुरात? टपरीवर चहा मागावा, तर चहाआधी उसाच्या रिकव्हरीवर व्याख्यान. दाढीला बसावं, तर मानेवर वस्तरा टेकवून विचारणा, ‘दौंडला नदीचा विसर्ग किती, कळलं का?’ अशा वेळी नाही म्हणायची कोणाची छाती आहे? एवढे जाणकार एका पट्ट्यात पिकले कसे, हा प्रश्न आहेच. पण त्यांना नावं ठेवण्याची जी साथ आलीय, ती त्याहून भयंकर! दीडशहाणा, अतिशहाणा, आगाऊ, शिष्ट, अकलेचा कांदा… सकाळी आपण एखाद्याला दीडशहाणा म्हणावं, तर दिवेलागणीपर्यंत तोच पारावर बसून आपल्याबद्दल तेच सांगत असतो.

बरं, हे जुने शब्द आता पुरेनातच. मग निघाले नवे. ‘शास्त्रज्ञ’, ‘गुगल’, ‘कलेक्टर’. टोमणा म्हणून हाक मारायची, ‘या कलेक्टर!’, आणि गडी काय करतो? कॉलर ताठ करून खरोखर खुर्चीत बसतो! पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘अभ्यासू नेतृत्व’ छापून येतं आणि खाली शुभेच्छुकांत आपलाही फोटो असतो. अपमानाला बढती समजणाऱ्याचं करायचं तरी काय?

त्यात उसात एआय आलं. शारदानगरच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं शेतात हवामान केंद्र उभं केलं, मातीत सेन्सर पुरले, उपग्रहाची चित्रं जोडली. पाणी कधी, खत किती, ते फोन सांगणार. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला या उसाबद्दल बोलले, इलॉन मस्कनंही एक ओळ लिहिली. संपलं! ज्याला कालपर्यंत मोबाइलचा आवाज बारीक करता येत नव्हता, तो आज नडेलांचं कुठं चुकलं ते सांगतोय. ‘सेन्सर ठीक आहे हो, पण 86032 जातीच्या उसाला आपला अंदाजच लागतो.’ जानेवारीतल्या कृषिक प्रदर्शनात तर शास्त्रज्ञ माहिती देतोय की घेतोय, हेच कळत नाही. आणि परवा एका आजीबाईंनी सुनेला सुनावलं म्हणे, ‘भाजीला पाणी कमी झालंय, हे कळायला काय उपग्रह सोडू?’

इंदापूरकरांना मात्र बोल लावायला जीभ रेटत नाही. त्यांच्या उशाशी उजनी आहे. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 मृत. हे धरण पावसाळ्यात 111 टक्क्यांपर्यंत भरतं आणि टक्केवारी मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याचीच धरत असल्यामुळे उन्हाळ्यात कधी शून्याच्याही खाली, वजामध्ये जातं. ज्यांच्या दारात शंभरावरची आणि शून्याखालची टक्केवारी नांदते, त्यांना माणूस दीड शहाणा असू शकतो, यात नवल ते काय? वजा शहाणेही असतात. ते आपल्याच पाहुण्यांत.

पेशवाईतले लोक मात्र फारच चिक्कू. अख्ख्या काळात शहाणे मोजले ते साडेतीन! सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. नाना अर्धे? भिगवणच्या मासळीबाजारात आज एका चिलापीच्या भावावरून याहून जास्त शहाणे भांडताना दिसतील, आणि त्यांतला एकही स्वतःला अर्धा मानायचा नाही.

निवडणुकीचं तर विचारूच नका. 2024 ची लोकसभा, नणंद-भावजयीची लढत. गाव, वाडी, बूथ, सगळ्यांचं लीड आपल्या तोंडपाठ होतं. कोणाचा आकडा इकडे, कोणाचा तिकडे, वडापावावर पैजा. 4 जूनला सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या आणि 5 जूनला सबंध तालुक्यात असा एक माणूस सापडेना, ज्यानं हे आधीच सांगितलं नव्हतं! पैजेचे वडापाव मग दिले कोणी?

नावं कोणाला ठेवायची? ही माती पंडितांचीच. आर्या रचणारे मोरोपंत बारामतीचे. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली, त्यांतलं एक निरोष्ठ. म्हणजे प, फ, ब, भ, म हे ओठांवरचे वर्ण टाळून लिहिलेलं. म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. केवढी ही करामत! आणि आपल्या जाणकारांची परंपरा बघा, त्यांचेही ओठ सकाळपासून मिटलेले नाहीत, तेही सगळी अक्षरं वापरून. नावं ठेवायची सोयही जुनीच: समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणं सांगितली. आपण ती किती आवडीनं वाचतो! प्रत्येक लक्षणासमोर शेजाऱ्याचं, भावकीतल्या कोणाचं, साडूचं नाव मनातल्या मनात लिहीत जातो. साडूची यादी जरा लांबते.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. मघाशी उजनीचा मृतसाठा वाचताना ‘63 नाही, 63.65’ असं पुटपुटलात ना? सरका रे, यांना बाकावर जागा द्या. आणि चहा सांगा, बिनसाखरेचा. साखरेवरही यांना काही बोलायचं असेलच.