मॅक्रोभाऊ

अकाउंट्समध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थांचा हुद्दा काहीही असो, सगळी कंपनी त्यांना मॅक्रोभाऊ म्हणते. शिक्षण बी.कॉम., पण आल्ट-एफ ११ दाबून कोडची खिडकी उघडली की चेहऱ्यावर तेज चढतं. एक्सेलमध्ये व्हीबीए आलं १९९३ साली. भाऊ बोलतात असं, की त्याच्या बारशाला घुगऱ्या यांनीच वाटल्या.

“बटण दाबा, विषय संपला!” हे त्यांचं पेटंट वाक्य. बटण दाबलं की मॅक्रो एडीओमार्फत थेट एसक्यूएल सर्व्हरला भिडतो आणि विक्री, थकबाकी, जीएसटी, सगळं शीटमध्ये येऊन पडतं. हाच रिपोर्ट आयटीकडे मागा, आधी फॉर्म भरायला लावतील. म्हणून साहेब भाऊंवर खूश.

मात्र कनेक्शन उघडायची जेवढी हौस, तेवढाच बंद करायचा कंटाळा. फाइल उघडताच कनेक्शन जोडलं जातं, ते पब्लिक व्हेरिएबलमध्ये मुक्काम ठोकतं आणि भाऊ फाइल कधी बंदच करत नाहीत. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून फलाटावर गप्पा झोडाव्यात, तसा प्रकार. आयटीतला पोरगा सर्व्हरवरची यादी काढतो, तर भाऊंच्या नावापुढे दिवसभर ‘स्लीपिंग’. (जेवणानंतर ते अक्षरशः खरं असतं.) पासवर्ड कोडमध्येच, उघड्या अक्षरांत. वर प्रत्येक मॅक्रोच्या माथ्यावर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे चूक झाली तरी मागे वळून बघायचं नाही.

ऐन मार्चअखेरीस त्यांनी स्टॉक दुरुस्तीचा मॅक्रो चालवला. ट्रान्झॅक्शन सुरू करायचं आणि कमिट करायचं, या दोहोंच्या मध्ये प्रेमळ चौकट: “नक्की ना?” चौकट स्क्रीनवर आली तेव्हा भाऊ चहाच्या टपरीवर. इकडे टेबल लॉक, डिस्पॅचचं चलन निघेना, गेटवर ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. शेवटी आयटीनं त्यांचं सेशनच मारलं. अर्धवट बदल सर्व्हरनं आपोआप मागे घेतले. भाऊ आले, शांतपणे ओके दाबलं. कमिट फसलं, एरर रिझ्यूम नेक्स्टनं गिळली आणि पुढची चौकट झळकली: “डेटा सेव्ह झाला. अभिनंदन!” भाऊंनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं.

तुमच्याकडेही असा भाऊ असेल, तर त्याला दुखवू नका. निम्मे रिपोर्ट त्याच्याच जिवावर निघतात. त्याला फक्त वाचण्यापुरतं लॉगिन द्या. आणि तो रिटायर व्हायच्या आत व्हीबीए प्रोजेक्टचा पासवर्ड तेवढा लिहून घ्या.