चिरंजीव सासरी सुखरूप आहेत

गेल्या ऑगस्टात आमचे चिरंजीव सासरी गेले.

हा शब्द माझा नाही, आईचा. पुण्याबाहेर डोंगर कापून वसवलेल्या एका खासगी विद्यापीठाच्या फाटकाशी आम्ही नातवाला, दोन बॅगांना आणि एका निळ्या बादलीला उतरवलं. गाडी साताऱ्याकडे वळवली आणि ऐंशी वर्षांची आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "पोरगं सासरी गेलं रे." मी हसलो. मागच्या सीटवर बसलेली सौ. हसली नाही. पुढच्या तीन महिन्यांत आईचं म्हणणं असं काही पदरात पडत गेलं की आता मीही हसत नाही.

स्थळ सांगून आलं ते फोनवर. बारावीचा शेवटचा पेपर सुटला त्याच संध्याकाळी. नंबर कुणी दिला ते देव जाणे. स्वतःला 'ॲडमिशन कौन्सेलर' म्हणवणारी एक मुलगी दिवसाआड विचारायची, "सर, सीट ब्लॉक करून ठेवू का?" आमच्या लग्नात मध्यस्थांनी एवढे हेलपाटे घातले नव्हते, आणि त्यांना तर पाच पक्वान्नांची आशा होती. सीईटीच्या पर्सेंटाइलवर सरकारी कॅपच्या फेरीत पदरी पडत होतं सिव्हिल. इकडे मात्र 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग विथ आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग'! एवढं लांबलचक नाव मी याआधी फक्त इनामदारांच्या लग्नपत्रिकेत पाहिलं होतं. चिरंजिवांनी नाव ऐकूनच माळ घातली.

रीतसर स्थळ पाहायला गेलो. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून आमची मिरवणूक निघाली. पोहण्याचा तलाव, काचेचं ग्रंथालय, तीन 'सेंटर ऑफ एक्सलन्स'. त्यांतल्या दोनांना कुलूप होतं, कारण उद्‌घाटनाला पाहुणे ठरायचे होते. माहितीपुस्तकात मुलांच्या पगाराचा सर्वांत मोठा आकडा वीतभर अक्षरांत छापलेला. मी बँकेतला माणूस, म्हणून सरासरी किती असं विचारलं. कौन्सेलर मधाळ हसून म्हणाली, "सर, आपला मुलगा ॲव्हरेज असेल असा आपण विचारच का करायचा?" यावर कोणता बाप काय बोलणार? मी कॉफी प्यालो.

आता देण्याघेण्याचं. हुंडा घेणं १९६१ पासून गुन्हा आहे आणि आपल्या राज्यात कॅपिटेशन फी १९८७ पासून. तेव्हा तसलं काही तिथे नाही. तिथे ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, लॉण्ड्री, कॉशन मनी आणि स्टुडंट वेल्फेअर आहे. दर रुपयाची छापील पावती मिळते, फक्त बेरीज वाचताना जवळ पाण्याचा ग्लास असावा. बँकेत मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगत आलो होतो की शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांवर गेलं की तारण लागतं. या वेळी काउंटरच्या पलीकडे उभं राहून तेच ऐकलं. घर आईच्या नावावर. तिने सह्या केल्या, शाईचं बोट पुसलं आणि विचारलं, "मुलाकडचे आपण ना रे? मग घर आपलं कसं गहाण?"

सौ.ने वेगळी चौकशी केली: उद्या मन बदललं तर? त्याचेही दर ठरलेले आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी पंधरा दिवस सोडलं तर फी पूर्ण परत, मग नव्वद टक्के, मग ऐंशी, मग पन्नास, आणि ती तारीख उलटून तीस दिवस झाले की शून्य. साखरपुडा मोडण्याचा इतका स्वच्छ हिशेब आमच्या समाजात आजवर कुणी मांडलेला नाही. त्यापुढे जाऊन २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सोडचिठ्ठीही सन्मानाची केली आहे. एका वर्षाने बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. रिकाम्या हाताने कुणी माहेरी परतायचं नाही.

रुखवताची यादी ईमेलने आली. गादीचं माप, पांढऱ्या चादरी दोन, कुलूप स्वतःचं, बादली निळीच. किटली, इस्त्री आणि शेगडी यांना सक्त मनाई. शिवाय प्रतिज्ञापत्रं. मी कुणाचंही रॅगिंग करणार नाही असं नव्या मुलाने लिहून द्यायचं, आणि माझा मुलगा करणार नाही असं बापाने. या नियमामागे गेलेले जीव आहेत, त्यामुळे त्याची चेष्टा मला करायची नाही. महाराष्ट्राने तर यासाठी १९९९ सालीच कायदा केला. पण आईने मजकूर वाचून घेतला आणि तिला एवढंच कळेना, की सून उंबरठा ओलांडायच्या आत 'मी सासूचा छळ करणार नाही' असं सुनेकडून आणि तिच्या बापाकडून लिहून घ्यायची पद्धत कुठली.

गृहप्रवेश तीन आठवडे चालला. अभियांत्रिकीला आता तशी सोयच आहे, आणि यूजीसीने २०१९ मध्ये या सगळ्याला 'दीक्षारंभ' असं भारदस्त नाव दिलं. पहिल्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. वातानुकूलित सभागृहात ढोलताशा वाजला, ड्रोनने वरून आमची टकलं टिपली, आणि मंचावरच्या वक्त्यांनी मुलांना आपापल्या आईबापांना मिठी मारायला लावली. चिरंजिवांनी मला शेवटची मिठी मारली होती ती चौथीत, कुत्रं मागे लागलं तेव्हा. आम्ही दोघांनी खांद्याला खांदा लावून वेळ निभावली. ड्रोनने तेही टिपलं. सध्या ते विद्यापीठाच्या पानावर 'इमोशनल मोमेंट' म्हणून आहे.

पहिल्या आठवड्यातला फोन ठरलेला असायचा. "ह्यांच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत. ह्यांच्याकडे पोळ्या चामड्यासारख्या असतात. ह्यांच्याकडे आंघोळीला रांग लागते." आई स्पीकरवर ऐकायची आणि मान डोलवायची. तिचं लग्न १९६३ चं. नव्या नवरीचं गाऱ्हाणं तिला पाठ होतं.

खोलीत तिघं. एक नांदेडचा, एक रायपूरचा आणि आमचे हे. नांदेडचा आणि सातारचा एकमेकांशी हिंदी बोलतात, कारण रायपूरच्याला वाईट वाटू नये. रायपूरच्याने मात्र मेसमधल्या मावशींकडून पंधरा दिवसांत मराठी उचललं. त्याच्या वडिलांशी फोनवर बोलणं झालं तेव्हा मी विचारलं, एवढ्या लांब कशाला पाठवलंत? ते म्हणाले, आमच्याकडे तर एके काळी विद्यापीठांचं पीकच आलं होतं. खरंच होतं ते. छत्तीसगडने २००२ मध्ये एक कायदा केला आणि बघता बघता शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदावर उगवली. काहींचा सगळा संसार एका खोलीत. प्रोफेसर यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २००५ मध्ये ते पीक कापलं गेलं. आपल्याकडे असं काही नाही हो. आपल्याकडे बरीच वर्षं एकेका खासगी विद्यापीठासाठी विधिमंडळात स्वतंत्र कायदा होत असे, आणि खोल्या भरपूर असतात. आपला अनुभवही जुना. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि तेव्हापासून साखर कारखान्याशेजारी कॉलेज नसेल तर कारखाना अपुरा वाटतो.

मी स्वतः कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतला. सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'मध्ये बागेला पाणी घालून शिकलो. हे चिरंजिवांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्यात पण आहे. इंटर्नशिप म्हणतात. फक्त कमवत नाहीत."

अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दर मंगळवारी दोन तास खाकी डगला घालून कानशीने लोखंडाची चिप घासतो. काटकोन जुळला की फिटिंगचा जॉब पूर्ण. माझं मत विचाराल तर सगळ्या अभ्यासक्रमात तेवढीच गोष्ट खरी आहे. हाताला फोड आले आणि ते त्याने मला अभिमानाने व्हिडिओ कॉलवर दाखवले. बाकी असाइनमेंट चॅटजीपीटी लिहितो, सॉफ्टवेअर तपासतं, आणि मुलं व सर मधल्या वेळात एखाद्या क्लबच्या बैठकीला जातात. त्या क्लबांत शिरायला मुलाखतीच्या तीन फेऱ्या असतात. चिरंजीव सप्टेंबरात एका क्लबाचे 'असोसिएट पीआर लीड' झाले. क्लबात सभासद अकरा, लीड नऊ. फ्रेशर्स पार्टीला सगळ्यांना काळे कपडे आणि 'मिस्टर फ्रेशर'ला सॅश. आईने फोटो पाहून विचारलं, मंगळागौर रात्रभर जागवतात का अजून? म्हटलं, जागवतात, पण फुगड्या नसतात.

पंधरा तास वर्गात बसलं की एक क्रेडिट. असे सहामाहीला वीसेक क्रेडिट जमा करायचे. ते 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाच्या बँकेत साठतात. म्हणजे क्रेडिट एका बँकेत आणि कर्ज दुसऱ्या बँकेत. तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं सरळ खातं पाहिलं नाही.

वर्गातल्या गैरहजेरीची खबर मात्र मुलाला लागायच्या आधी माझ्या मोबाइलवर येते: 'डिअर पेरेंट, युवर वॉर्ड इज बिलो ७५ परसेंट.' आमच्या साताऱ्यात वॉर्ड असतो नगरपालिकेचा नाही तर सिव्हिल हॉस्पिटलचा. पहिला मेसेज आला तेव्हा सौ. दचकून उठली होती. कौन्सेलरला फोन लावला, तर नंबर बंद. लग्न लागलं की मध्यस्थ सापडत नाहीत, हे आईने आधीच सांगून ठेवलं होतं.

धाकटी पुढच्या वर्षी बारावीला. राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे वाचून मी शासन निर्णय काढून आणला. वाचत वाचत कंसापर्यंत पोहोचलो. कंसात लिहिलंय की खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं 'वगळून'. आता तिलाही फोन सुरू झालेत. कौन्सेलर नवी आहे, आवाज तोच.

दिवाळीला आणायचं ठरलं, तेव्हा आईला खरा आनंद झाला. घरी यायचं तर चिरंजिवांनी ॲपवर आऊटपास मागायचा. मग माझ्या मोबाइलवर ओटीपी. मग वॉर्डनची मान्यता. मग फाटकावर स्कॅन. कारण काय लिहू असं त्याने विचारलं. 'दिवाळी' लिहिलं तर अर्ज परत आला, कारण नीट स्पष्ट करा. 'फॅमिली फंक्शन' लिहिल्यावर मंजूर झाला, तोही एका दिवसाने. आई म्हणाली, "आम्हाला मूळ यायचं. भाऊ दारात बसून राहायचा आणि सासूबाई म्हणायच्या, आज अमावास्या, उद्या न्या. ओटीपी नव्हता, एवढाच फरक." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आम्ही कुणी त्यासाठी पैसे भरले नव्हते."

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला. दुपारी पंगतीला बसलो. आईने मुद्दाम गूळ-आमसुलाची आमटी केली होती. चिरंजिवांनी तीन वेळा मागून घेतली. चौथ्या वेळी वाटी पुढे करत म्हणाले,

"आजी, एक नंबर. आमच्याकडे बुधवारी पनीर असतं, पण त्याला ही चव नाही."

आईच्या हातातली पळी मध्येच थांबली. सौ.ने माझ्याकडे पाहिलं.

"कोणाकडे?" आईने विचारलं.

"हॉस्टेलला गं."

आईने वाटी काठोकाठ भरली, वर तुपाची धार सोडली आणि सौ.कडे वळून हळूच म्हणाली, "रुळलं गं पोरगं. परवाच्या डब्यात वॉर्डनच्या वाटच्या करंज्या वेगळ्या बांध. सासूचं तोंड गोड असलेलं बरं."